कावळ्यापुढं कबूल केलेलं रक्त

ज्यांच्या आतड्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टर म्हणालाय "सगळं काढलं", आणि तरी वर "एक रक्ताची तपासणी करून घ्या" म्हणतोय, त्यांनी हे वाचावं. बाकीच्यांनी नाही वाचलं तरी चालेल. माझी शाळा चौथीपर्यंत. डॉक्टरकीतलं मला कळत नाही आणि कळतंय असं दाखवणारही नाही. अंगावरून गेलं तेवढं सांगतो.

भूमच्या बाजूला आमचं गाव. खव्याची भट्टी आहे. बापाची होती, मग माझी, आता पोरगा बाळू बघतो. जन्म कढईपुढं गेला. दूध आटवायचं म्हणजे हात थांबवायचा नाही, थांबला की बुडाला लागलंच. बायको कौसल्या. येणारं दूध तपासून घ्यायचं काम तिचं. ती आता नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही उगाच आस लावून बसणार नाही.

धुणं

रक्त पडायला लागलं तेव्हा मी मूळव्याध धरली. गावात मूळव्याध म्हटलं की घरटी एक वैद्य. सुरण खाल्ला, ताक प्यालो, कुणी सांगितलेला पाला चावला. अंग उतरत गेलं. कढई हलवताना दम लागायचा तर म्हणायचो, वय झालं. कौसल्येला बोललो नव्हतो. पण धुणं तिच्या हातात.

एक दिवस माझं धोतर घेऊन पुढं उभी राहिली. "ह्ये काय हाय?"

"मूळव्याध."

"मूळव्याधीनं मानूस असा चिपाड हुतोय व्हय? उठा. बार्शीला जायचं."

"दूध कोन घील?"

"दूध मीच घेते न्हवं? तुमी नुसती कढई हालवता. ती बाळू हालवील."

बार्शीला खालून नळी घालून बघितलं आणि तिथून सोलापूरला धाडलं. सोलापुरात डॉक्टरीण होती, आमच्या पोरीच्या वयाची. कागद बघितले आणि बाळूला म्हणाली, जरा बाहेर येता का. तो उठला. कौसल्येनं त्याचा सदरा धरून परत बसवला.

"बाई, त्येला भायेर न्हेऊ नका. त्यो भायेर रडंल आन् आत येऊन हसंल. हिथंच सांगा, ज्येचं पोट हाय त्येच्याम्होरं."

डॉक्टरीण माझ्याकडं बघून म्हणाली, "काका, आतड्यात गाठ आहे. कॅन्सरची आहे."

मला काही वाटलं नाही, खरं सांगतो. बाळू इथं बसलाय, मग कढईपुढं कोण, एवढंच डोक्यात आलं. बाहेर आलो. कौसल्येनं मला दवाखान्याच्या पायरीवर बसवलं आणि स्वतः माझ्या मागं, पाठीला पाठ लावून बसली. तोंड मला दिसू नये म्हणून. पण पाठ हलत होती ते कळत होतं.

वारा

ऑपरेशनचं मला काही ठाऊक नाही, झोपेत झालं. जाग आली तेव्हा नाकात नळी, पोटात नळी, लघवीला नळी. जिकडं भोक तिकडं नळी. पोटात काच भरल्यासारखं दुखायचं. आणि तोंडात पाण्याचा थेंब नाही. आतड्याचं ऑपरेशन झालं की खालून वारा सरल्याशिवाय पाणी देत नाहीत. वारा सरला म्हणजे आतडं चालू झालं. म्हणून डॉक्टर आला की तेच विचारणार, नर्स आली की तेच, झाडूवाली मावशी फरशी पुसता पुसता तेच. शेजारच्या खाटेवर तुळजापूरकडचा एक म्हातारा होता, तोही सकाळी रामराम घातल्यासारखा विचारायचा, "पावनं, सरला का?"

सरला त्या दिवशी कौसल्येनं आख्ख्या वॉर्डाला ओरडून सांगितलं, "सरला गं बाई, सरला!" पोराच्या लग्नात एवढी खुश नव्हती. सगळा वॉर्ड हसला. मी हसायला गेलो तर टाके ओढले. नर्सनं चमच्यानं पाणी दिलं. तसलं पाणी मी पुन्हा प्यालो नाही.

त्या शेजारच्या म्हाताऱ्याला पोटावर पिशवी लावली होती, संडास तीत उतरायची. कुणी आलं की तो टॉवेल ओढायचा. कौसल्या त्याला म्हणाली, "झाकता कशाला भाऊ? पोट हाय, चोरीचा माल हाय का?" त्या दिवसापासून त्यानं टॉवेल घेतला नाही. मला पिशवी लागली नाही. त्याला लागली आणि मला नाही, ह्यात माझी काही हुशारी नव्हती.

वाटीतलं दूध

टाके काढायला गेलो तेव्हा डॉक्टरीण म्हणाली, गाठ पूर्ण निघाली, आजूबाजूच्या बारक्या गाठींत रोग नाही, मशीनमधला पोटाचा फोटो स्वच्छ आहे. मी चपला घालायला लागलो. ती म्हणाली, "थांबा काका, एक राहिलंय."

तिनं सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. गाठ काढली तरी तिचं काही रक्तात राहिलेलं असू शकतं. ते इतकं बारीक की फोटोत येत नाही. काढलेल्या गाठीचा तुकडा दवाखान्यानं जपून ठेवलेला असतो. तो तुकडा आणि आपलं रक्त लांबच्या लॅबला जातं, आणि तुकड्यातली खूण रक्तात सापडते का ते बघतात. सापडली तर मागं रोग उरलाय असं धरून केमो द्यायचं. नाही सापडली तर भीती कमी. पण अजिबात नाही असं तिनं म्हटलं नाही.

मी म्हणालो, "स्वच्छ म्हनलात न्हवं? मग आता काय उकरताय?"

कौसल्या मात्र पुढं सरकून ऐकत होती. तिला ते लगेच समजलं, त्याचं कारण आमची भट्टी. भट्टीवर गावच्या घराघरातून दूध येतं. कढईत ओतायच्या आधी ती प्रत्येक कॅनमधलं वाटीभर घेऊन सांडशीनं निखाऱ्यावर धरायची. फाटलं की कॅन माघारी. एका घरचं बिघडलेलं दूध आख्खी कढई नासवतं. लोक भांडायचे, "कौसाकाकू, बघा तरी, पांढरंशिप्पट हाय की!" ती म्हणायची, "नासल्यालं बी पांढरंच असतंय."

डॉक्टरणीला ती म्हणाली, "म्हंजी फोटो म्हंजी दूध डोळ्यानं बघनं, आन् ह्ये म्हंजी वाटीत तापवून बघनं. असंच न्हवं?"

"अगदी तसंच नाही काकू, पण जवळपास."

मी नाही म्हणून उठलो. घरी आल्यावर रोज तेच. चहा देताना तेच, पाठीला तेल लावताना तेच.

"नासलं असलं तर?"

"तर नासलं."

"आवो, कढई जाईल की सगळी."

"मी काय कॅन हाय व्हय माघारी द्यायला?"

"माघारी कुनाला देऊ तुमाला? तुमची आई तर कवाच गेली."

मला भ्या वाटत होतं, दुसरं काही नाही. 'स्वच्छ' हा शब्द मी गुळाच्या खड्यासारखा तोंडात धरून बसलो होतो. तिनं सोलापूरला जायची पिशवी भरून ठेवली होती, माझे कपडे, दवाखान्याची फाईल, तिचं लुगडं. ती पिशवी खुंटीला लावली होती. मी त्या पिशवीकडं बघायचोच नाही.

माघ

गावानं माझ्या जाण्याची तयारी केली होती. पावणेरावळे येऊन शेवटचं बघितल्यासारखं बघून जायचे. कौसल्येचा धाकटा भाऊ भागवत माझ्यासाठीच मुक्कामाला येऊन राहिला होता. आणि गेली ती.

माघातली थंडी होती. भट्टीवर दुधाची रांग. तिच्या हातात सांडशी, सांडशीत वाटी. ज्याचं दूध होतं त्याला म्हणाली, "जरा थांब रं," आणि कॅनला टेकून खाली बसली. वाटी निखाऱ्यात पडली. जीपमध्ये घालून भूमला नेलं तर डॉक्टर म्हणाला, काळीज थांबलं. ते रस्त्यातच थांबलं असणार, माझ्या मांडीवर. मला कधी ते कळलं नाही.

त्या दिवशी कढई करपली. माझ्या जन्मात पहिल्यांदा.

बायकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. नवऱ्याच्या आधी गेलेली बाई अहेव जाते, तिचा मान मोठा. जी येईल ती म्हणायची, "नशिबाची गं, अहेव गेली." आणि माझ्याकडं बघायची. एक म्हातारी तर बोलून गेली, "ह्येंच्या आधी सुटली बया."

मी म्हणालो, "व्हय. लंबर माझा हुता. ती मधी घुसली."

कुणी हसलं नाही. मीही हसवायला म्हणालो नव्हतो.

दहावा

दहाव्याला ओढ्याच्या काठी गेलो. बाळूनं डोकं केलं होतं. पिंडाजवळ तिच्या आवडीचं मांडलं, चहा, मिश्रीची डबी, आमच्याच भट्टीचा खवा. आम्ही मागं सरून उभे राहिलो. लिंबावर कावळे होते, पाच-सहा तरी असतील. एक खाली येईना.

आमच्याकडं कावळा शिवला नाही की मेलेल्या माणसाचं काहीतरी मागं अडकलंय असं धरतात. मग एकेकानं पुढं होऊन कबूल करायचं. बाळू म्हणाला, "आई, भट्टी बंद पडू देनार न्हाय." कावळे बसलेले. पोरगी तामलवाडीहून आली होती, ती म्हणाली, "आई, भावाला धरून ऱ्हाईन." कावळे बसलेले. मागनं एक दूधवाला म्हणाला, "काकू, तुमी माघारी दिल्याल्या कॅनचा मला राग न्हाय." दुसऱ्यानं त्याला ढोसलं, "कावळ्याला बी खव्याचा कट्टाळा आला आसंल रं." ऊन वर आलं. घरी बायका-पोरं उपाशी. कावळा शिवल्याशिवाय कुणी जेवत नाही.

क्रिया सांगणारा गुरुजी म्हणाला, दर्भाचा कावळा करून शिवतो, चालतं तेही. भागवत म्हणाला, "न्हाय. माझ्या आक्काला गवताचा कावळा न्हाय चालायचा." आणि माझ्याकडं वळला. "दाजी, तुमी बोला."

"काय बोलू?"

"तुमाला ठावं हाय काय ते. पिशवी अजून खुंटीला हाय."

सगळा गाव माझ्याकडं बघायला लागला. मला भागवतचा राग आला, कावळ्यांचा आला, तिचा तर लईच आला. मेल्यावरसुद्धा चारचौघांत मला धरायचं म्हणजे काय! मी पुढं झालो आणि पिंडाकडं बघून म्हणालो, "जातो. देतो रक्त. आता तरी खाशील का?"

मागं येऊन उभा राहतोय तोवर एक कावळा उतरला. त्यानं खव्याला चोच मारली आणि गेला. बायका रडायला लागल्या. भागवतनं माझे पाय धरले.

मला विचाराल तर कावळ्याला भूक लागली होती. पण दिलेला शब्द सगळ्या गावानं ऐकला होता. तो फिरवायची सोय राहिली नाही.

सापडलं

रक्त देणं म्हणजे काहीच नाही. नळ्या भरून घेतात, कापूस लावतात, जा म्हणतात. त्याच्या पुढचं थांबणं वाईट. लॅबमधून कागद यायला आठवडे गेले. रोज मला वाटायचं, आत काहीतरी वळवळतंय. पोटात गुडगुडलं तरी दचकायचो. फोन वाजला की बाळू भट्टीच्या मागं जाऊन बोलायचा. मी म्हणालो, "तुझ्या आईनं तुला सदरा धरून बसवलं हुतं, इसरलास का?" मग तो माझ्यासमोर बोलायला लागला.

शेवटी बोलावलं. डॉक्टरणीनं ह्या वेळी कुणाला बाहेर नेलं नाही. "काका, सापडलंय."

"फोटोत?"

"फोटो अजून स्वच्छच आहे. रक्तात सापडलंय. त्याचा अर्थ कुठंतरी थोडं उरलंय. कुठं, ते आज सांगता येत नाही. म्हणून औषध लगेच सुरू करू."

हे लई बेकार असतं. दिसत असतं तर बोट ठेवून म्हटलं असतं, हा बघा वैरी. इथं वैरी आहे, पण घर नाही, दार नाही, नाव नाही.

घरी येऊन तिच्या फोटोपुढं उभा राहिलो. तिचा एकटीचा फोटो आम्ही कधी काढलाच नव्हता. बाळूच्या लग्नातला कापून मोठा केलाय. कडेला माझा खांदा राहिलाय. मी म्हणालो, "झालं समाधान? फाटलं दूध." मग बसलो तिथंच. आख्ख्या घरात मला एवढंच माणूस पाहिजे होतं, ज्यानं म्हणावं, मी सांगत नव्हते का.

कोमट पाणी

केमोचं थोडक्यात सांगतो. सलाईन आणि गोळ्या. तोंड येतं, अन्नाचा वास सोसत नाही, ओकारी. माझ्या औषधानं गाराची बाधा व्हायची. गार भांड्याला हात लागला की करंट बसायचा, गार पाणी प्यालं की घशात सुया. जन्मभर जाळापुढं बसलेला माणूस मी. वैशाखात लोक माठावर माठ रिकामे करायचे आणि मी कोमट पाणी फुंकत प्यायचो. बोटं मुकी झाली ती अजून पुरती आली नाहीत. खवा बोटाच्या चिमटीत धरून बघायचा असतो, झाला का नाही ते. मला आता ते कळत नाही.

सुनेनं, रेखानं, माझं ताट-तांब्या वेगळा केला. मी बघितलं आणि तोंडावर विचारलं, "ए पोरी, माझा रोग लागतोय व्हय तुमाला?"

ती म्हणाली, "तसं न्हाय मामा. तुमाला तिखटाचा वास बी सोसंना, म्हून निराळं घासते."

खरं असेल. भीतीही असेल. नातवाला माझ्या अंथरुणावर येऊ देत नव्हती, तेही बघितलं होतं. मी रागानं दोन दिवस बोललो नाही. मग एकदा पाणी प्यायला तांब्या उचलला तर करंट बसला नाही. बघितलं, तर तांब्याला कौसल्येच्या जुन्या लुगड्याचा तुकडा शिवून बसवला होता, चोळी शिवावी तसा. मी रेखाला हाक मारून आणखी पाणी मागितलं.  नातूही त्या दिवसापासून अंथरुणावर यायला लागला, आणि लाथा मारायला लागला.

कमी झालंय, गेलं नाही

औषधाचा कोर्स संपल्यावर श्रावणात परत रक्त दिलं. परत थांबलो. डॉक्टरीण म्हणाली, "काका, आधीपेक्षा बरंच कमी झालंय. पण गेलेलं नाही." फोटो ह्या वेळीही स्वच्छ. ती म्हणाली, आता लक्ष ठेवायचं, थोड्या थोड्या दिवसांनी परत रक्त, परत फोटो, दिसलं तर पुढचं बघू. मी विचारलं, "म्हंजी कवातरी दिसनारच?" तिनं खोटं सांगितलं नाही. म्हणाली, "बऱ्याच जणांना दिसतं. सगळ्यांना नाही."

तुम्ही विचाराल, मग ही तपासणी करावी का. मी करा म्हणून सांगणार नाही, करू नका म्हणूनही नाही. एक सांगतो. रक्त द्यायच्या आधी डॉक्टरला विचारा, सापडलं तर तुम्ही काय करणार आणि नाही सापडलं तर काय. आणि घरात एक माणूस धरून ठेवा, निकाल ऐकायला. मी तेच गमावून बसलो.

कारण कळलं की परत अजाण होता येत नाही. मी जेवतो, भट्टीवर खुर्ची टाकून बसतो, बाळूवर ओरडतो, आणि सगळा वेळ ठाऊक असतं. कधीकधी वाटलं, बस झालं. आता नाही देत रक्त. येईल तेव्हा येईल. कावळ्यापुढं एकदाच म्हणालो होतो, ते फेडलंय. डॉक्टरणीला तसं सांगूनही आलो होतो, आता येत नाही.

नवमी

हे भादव्यात लिहितोय, पितरांचा पंधरवडा चालू आहे. नवमीला अहेव गेलेल्या बायकांचं घालतात. एका सवाष्णीला जेवायला बोलवायचं, ओटी भरायची, पान वर कावळ्याला ठेवायचं. त्या दिवशी शेजारच्या घरातनं पुरणाचा वास आला. भागवत आलेला होता. मी त्याला म्हणालो, "आपल्या घरी कसं काय न्हाय? कौसल्येची नवमी न्हाय का घालायची?"

"यंदा न्हाय दाजी. वर्ष झाल्याबिगर घालत न्हाईत आपल्यात. पुढच्या भादव्यात."

"बरं."

 तोच पुढं म्हणाला, "आन् ती बी तुमी हाय तवरच. तुमच्या माघारी न्हाय घालायची."

"का?"

"तुमी गेल्यावर ती अहेव कशाची?"

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्या आईचं तसंच बंद झालं होतं बाप गेल्यावर. पण ध्यानात आलं नव्हतं. म्हणजे मी जायच्या आधी पुढचा भादवा आला पाहिजे. नाहीतर तिच्या नावानं एकदाही सवाष्ण जेवायची नाही. नशिबाची म्हणून गाव ओरडला, आणि त्याचा मान एक दिवससुद्धा पदरात पडायचा नाही.

खुंटीवरची पिशवी काढली. तिचं लुगडं अजून तीत होतं. ते राहू दिलं आणि बाळूला म्हणालो, "चल सोलापूरला."

डॉक्टरणीला नवल वाटलं. "काका, मागच्या वेळी तुम्ही आता येत नाही म्हणाला होता."

"पुढच्या भादव्यापत्तूर धरा मला," मी म्हणालो. "त्येच्या पुढचं तुमच्याकडं मागत न्हाय."

भादव्यात काय आहे, असं तिनं विचारलं. मी सांगितलं नाही. बाही वर केली.